तुकडी जिल्हा, पोटतुकडी तालुका

शेतजमिनीचे खरेदीखत हाती घेऊन वाचावयास लागले म्हणजे आरंभीच काही ठरावीक शब्द भेटतात : तुकडी जिल्हा नाशिक, पोटतुकडी तालुका निफाड, मौजे अमुक, येथील गट नंबर अमुक. हे शब्द आपल्या कानांवरून इतक्या वेळा गेलेले असतात की, त्यांचा अर्थ विचारण्याचे कोणास कारण पडत नाही. दस्तलेखक ते सवयीने लिहितो आणि आपण ते न वाचता खाली सही करतो. वस्तुतः जमिनीचा ठावठिकाणा सांगण्याची ही रीत मोठी अर्थपूर्ण आहे. आधी मोठा तुकडा, मग त्याच्या पोटातील लहान तुकडा, त्यानंतर गाव, आणि शेवटी चहूबाजूंच्या शेजाऱ्यांच्या नावांनिशी चतुःसीमा. हे शब्द नोंदणी खात्याच्या विभागणीचे असले, तरी अवघा देश याच रीतीने तुकड्यांत व पोटतुकड्यांत वाटलेला आहे. ही वाटणी कोणत्या धोरणाने झाली, ती बदलते कशी, आणि ती बदलली म्हणजे नांगर धरणाऱ्या माणसाचे काय बरेवाईट होते, याचा विचार आपल्या नाशिक जिल्ह्याच्याच उदाहरणावरून करण्याचे योजिले आहे.

प्रथम पायऱ्या पाहू. काही गावे मिळून तलाठ्याचा एक सजा होतो. या तलाठ्यास अलीकडे ग्राम महसूल अधिकारी म्हणू लागले आहेत. लोक अजून तलाठीच म्हणतात. काही सजे मिळून मंडळ, मंडळे मिळून तालुका, एक किंवा अधिक तालुके मिळून उपविभाग, उपविभाग मिळून जिल्हा, जिल्हे मिळून महसुली विभाग, विभाग मिळून राज्य आणि राज्ये मिळून देश. आज देशात २८ राज्ये व ८ केंद्रशासित प्रदेश आहेत. महाराष्ट्रात ६ विभाग व ३६ जिल्हे आहेत. आणि नाशिक जिल्ह्यात १५ तालुके आहेत. यात मौज अशी की, ज्या ‘प्रांत’ शब्दाने एकेकाळी मुंबई प्रांत, मद्रास प्रांत अशा अफाट मुलुखांचा बोध होई, तोच शब्द आपल्याकडे दोनतीन तालुक्यांच्या उपविभागासही चिकटला. शहरातील शिकलेला मनुष्य प्रांत म्हटले की देशाचा नकाशा पाहतो. शेतकरी प्रांत म्हटले की ज्या कचेरीत त्याचे फेरफाराचे अपील पडून आहे ती कचेरी पाहतो. दोघांचेही बरोबर आहे. पण आमच्या मते दुसऱ्याचा प्रांत अधिक महत्त्वाचा, कारण त्याच्या पायऱ्या त्याला स्वतःला चढाव्या लागतात.

या सगळ्या इमारतीत जी एक वस्तू फारशी हललेली नाही ती म्हणजे गाव. राज्ये आली आणि गेली, परंतु मौजे म्हणून जे एक पांढरी व काळी यांचे मिळून बनलेले अंग आहे, त्याची शिव पुष्कळ ठिकाणी पिढ्यान्‌पिढ्या तीच राहिली. एखादा ओढा, एखादे जुने झाड, पुरलेला दगड, नाही तर डोंगराची सोंड, या तिच्या खुणा. शिवेचा तंटा पडला तर गोतसभा बसे आणि गावचा महार वतनदार काय सांगतो याला मोठे वजन असे; कारण गावची शिव पायांखालून गेलेला तोच खरा जाणता. पुढे इंग्रजी अमलात १८३६ च्या सुमारास इंदापुरापासून पाहणी व जमाबंदीचे काम सुरू झाले, साखळीने शेते मोजली गेली, सर्व्हे नंबर पडले आणि शिव कागदावर उतरली. तरी जी उतरली ती बहुतांशी पूर्वापार चालत आलेलीच.

गावाच्या वरचे मजले मात्र धन्यागणिक बदलत आले. मोगलांच्या काळी नाशिकचे नाव गुलशनाबाद झाले, आणि हा मुलूख औरंगाबाद सुभ्यातील संगमनेर सरकारात धरला जाई. म्हणजे आज ज्या शहरात विभागीय आयुक्त बसतात त्याचा कारभार त्या वेळी संगमनेराकडे पाहून चाले. उत्तरेकडील बागलाण हे तर स्वतंत्र राज्य होते. १६३८ साली औरंगजेबाने, तो शहाजादा असताना, ते मोगलाईस जोडले. मराठ्यांच्या अमलात नाशिक हे नाव पुन्हा रूढ झाले. परगणे तसेच राहिले. देशमुख-देशपांडे परगण्याचे आणि पाटील-कुळकर्णी गावचे, असा कारभाराचा सांगाडा चालत राहिला. १८१८ साली पेशवाई बुडाली, त्र्यंबकचा किल्ला पडला, मालेगावच्या भुईकोटास वेढा पडून तोही इंग्रजांकडे गेला आणि नव्या धन्याने मुलुखाची नवी वाटणी केली. तीत आजच्या नाशिक जिल्ह्याचे दोन तुकडे झाले. मालेगाव, नांदगाव व बागलाण खानदेशात. आणि नाशिक, सिन्नर, दिंडोरी, चांदवड आदी भाग अहमदनगरकडे. पुढे अहमदनगरच्या हाताखाली नाशिकचा पोटजिल्हा झाला आणि १८६९ साली हे दोन्ही तुकडे एकत्र करून नाशिक हा स्वतंत्र जिल्हा निर्माण करण्यात आला.

येथे वाचकांनी थोडे थांबून नकाशा डोळ्यांपुढे आणावा. आपल्या जिल्ह्याच्या मधून पश्चिमपूर्व अशी सातमाळ्याची, म्हणजे चांदवडची, डोंगररांग गेलेली आहे. तिच्या दक्षिणेस पडलेला पाऊस गोदावरी, दारणा, कादवा यांच्या वाटेने पैठणकडे जातो. उत्तरेस पडलेला पाऊस गिरणा, मोसम, आरम यांच्या वाटेने खानदेशात उतरून तापीला मिळतो. १८६९ पूर्वीची वाटणी मुद्दाम पाण्याकडे पाहून केली असेल असे आम्हांस वाटत नाही, पण ती पाण्याच्या वाटणीशी बरीचशी जुळत होती : गिरणेचा मुलूख खानदेशात, गोदावरीचा नगरकडे. १८६९ साली जी रेघ पुसली गेली ती मुख्यतः डोंगराची रेघ होती. थळ घाटातून १८६५ साली आगगाडी इगतपुरीस पोचलेली होती. तेव्हा मुंबईशी जोडलेले नाशिक हे ठाणे सोयीचे वाटले असावे असा आमचा तर्क आहे. सोय कोणाची? जमाबंदी करणाऱ्याची. त्यात विशेष गैर नाही. राज्य चालवावयाचे तर वसुली सोपी हवी. मात्र कुणब्याच्या सोयीचा प्रश्न त्या वेळी विचारला गेला नाही, आणि पुढेही तो क्वचितच विचारला गेला.

पश्चिमेच्या डोंगरपट्टीची कथा तर आणखी निराळी. पेठ हे लहानसे संस्थान होते. तेथील बेगमेच्या मृत्यूनंतर १८७८ साली ते खालसा होऊन नाशिक जिल्ह्यात तालुका म्हणून आले. सुरगाणा संस्थान त्यानंतर सत्तर वर्षे टिकून १९४८ साली मुंबई राज्यात विलीन झाले. या दोन्ही भागांतील दमणगंगा, पार, नार या नद्या ना गोदावरीच्या ना गिरणेच्या. त्या थेट पश्चिम समुद्राकडे जातात. म्हणजे आपला एक जिल्हा, परंतु त्याचे पाणी तीन दिशांना वाहते. पूर्वेकडे येवला व नांदगाव यांच्या पलीकडे वैजापूर-कन्नडचा निजामी मुलूख होता. बांधाच्या अलीकडे कलदार रुपया, पलीकडे हाली सिक्का. आणि मध्ये करोडगिरीचा नाका. बैल विकावयास न्यायचा किंवा धान्य आणावयाचे तर नाक्यावर जकात भरल्यावाचून सुटका नसे, मग दोन्ही गावांतून बेटीव्यवहार पिढ्यांचा असेना का. सप्टेंबर १९४८ मध्ये निजामी राज्य संपले आणि १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला. जी सीमा दोन राज्यांची होती ती केवळ दोन जिल्ह्यांची झाली.

वरच्या मजल्यांची हकीकत थोडक्यात सांगतो. मुंबई इलाखा हा इंग्रजांनी जसजसा मुलूख जिंकला तसतसा जोडत गेलेला गोधडीसारखा होता. सिंधपासून कारवारपर्यंतचे लोक त्यात एका गव्हर्नराखाली नांदत. सिंध १९३६ साली निराळा झाला. स्वातंत्र्यानंतर संस्थाने विलीन झाली, १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना होऊन द्वैभाषिक मुंबई राज्य अस्तित्वात आले, आणि मोठ्या चळवळीनंतर १ मे १९६० रोजी महाराष्ट्र व गुजरात अशी दोन राज्ये झाली. त्या वेळी डांग गुजरातेत गेला, आणि पश्चिम खानदेशातील नवापूर, नंदुरबार, तळोदे, अक्कलकुवे या बाजूंची काही गावेही गेली. भाषा हे तत्त्व या वेळी प्रथमच वाटणीचा पाया झाले, आणि ते योग्यच झाले. कारण ज्या भाषेत शेतकऱ्यास नोटीस समजत नाही त्या भाषेत त्याला न्यायही मिळत नाही. जिल्ह्यांच्या वरचा जो आयुक्तांचा मजला आहे, त्याची तर गंमतच आहे. कमिशनरची जागा १९५० साली काढून टाकण्यात आली आणि १९५८ साली पुन्हा आणण्यात आली. मधल्या आठ वर्षांत शेतकऱ्याचे काही अडले होते असे आमच्या ऐकिवात नाही. महाराष्ट्र झाल्यावर नाशिक मुंबई विभागात होते. १९८१ साली नाशिक विभाग निराळा झाला आणि नगर, धुळे, जळगाव व नाशिक यांचे आयुक्त नाशकात बसू लागले. १९९८ साली धुळ्यातून नंदुरबार जिल्हा निघाला, तोही याच विभागात आहे. हा बदल मात्र खरोखर उपयोगी झाला, कारण फेरतपासणीच्या अर्जासाठी मुंबई गाठण्याची यातायात वाचली.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. वर सांगितलेल्या पायऱ्या महसुलाच्या. पण सरकारची सर्व खाती एकाच रेघेने मुलूख कापीत नाहीत. बागलाण तालुक्यातील डाळिंब किंवा कांदा पिकविणारा एखादा शेतकरी घ्या. त्याचा सातबारा सटाण्यास, त्याचा जिल्हाधिकारी नाशकात, अपर जिल्हाधिकारी मालेगावी. त्याचा आमदार बागलाणचा, पण खासदार धुळ्याचा; कारण बागलाण व मालेगावकडील दोन विधानसभा मतदारसंघ धुळे लोकसभा मतदारसंघात घातलेले आहेत. त्याच्या पाटाचे पाणी गिरणेच्या खोऱ्यातले, म्हणून ते तापी पाटबंधारे विकास महामंडळाच्या कक्षेत येते, आणि त्या महामंडळाचे मुख्य ठाणे जळगाव. रस्त्यासाठी जिल्हा परिषद, जी १ मे १९६२ पासून सुरू झाली, ती पुन्हा नाशकात. हाच शेतकरी निफाडचा असता तर त्याचे पाणी गोदावरी मराठवाडा महामंडळाकडे, म्हणजे छत्रपती संभाजीनगरकडे गेले असते. एका जिल्ह्यातील दोन शेतकरी, दोघांचा कलेक्टर एक, पण पाण्यासाठी एकाने पूर्वेला तोंड करावयाचे व दुसऱ्याने उत्तरेला.

पाण्याच्या बाबतीत जिल्ह्याची हद्द किती निरुपयोगी आहे हे गोदावरीच्या काठी शंभर वर्षांपूर्वीच दिसून आले होते. इगतपुरी तालुक्यातील दारणा धरण १९१६ साली पुरे झाले आणि निफाड तालुक्यातील नांदूर मधमेश्वरच्या बंधाऱ्यावरून डावा व उजवा असे दोन कालवे निघाले. त्यांनी मुख्यतः भिजविली ती कोपरगावकडील, म्हणजे नगर जिल्ह्यातील जमीन. त्या पाण्यावर तिकडे ऊस उभा राहिला, साखर कारखाने उभे राहिले. धरणाखाली ज्यांच्या जमिनी गेल्या ते एका जिल्ह्याचे आणि ज्यांचे मळे पिकले ते दुसऱ्या जिल्ह्याचे. पुढे पैठणला जायकवाडीचे धरण झाले, आणि तंटा तीन जिल्ह्यांचा झाला. २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या कायद्याने खोरे हा घटक धरून तुटीचे पाणी समन्यायी वाटावे असे ठरविले. त्या आधारे २०१५, २०१८ आणि २०२३ साली नाशिक व नगरच्या धरणांतून जायकवाडीकडे पाणी सोडण्यात आले. २०२३ सालचा आदेश सुमारे ८.६ अब्ज घनफुटांचा होता. त्या वेळी दोन्ही बाजूंना जो क्षोभ झाला तो वाचकांच्या स्मरणात असेलच. आमचे आप्त दोन्ही बाजूंना आहेत, म्हणून कोणाची बाजू घेणे नको. एवढेच सांगावयाचे की, तंटा पाण्याचा असता मोर्चे जिल्ह्याच्या नावाने निघाले, कारण दाद मागण्याची जागा जिल्हा हीच आपल्याला ठाऊक आहे.

याच्या उलट आपल्याच बागलाण-कळवणकडील फड पद्धत पाहावी. मोसम व आरम यांच्या काठी बंधारे घालून पाटाने शेते भिजविण्याची ही जुनी रीत. तीत मुलुखाचे तुकडे पाडले गेले ते पाण्याच्या हिशेबाने : एक फड उसाचा, एक गव्हाचा, एक पडीक, पाटकरी पाणी फिरवील, जागल्या राखण करील, आणि पाळी चुकविणाऱ्याची चौकशी फडकऱ्यांपुढेच होईल. सरकारने केलेल्या वाटणीपेक्षा ही वाटणी लहान, पण ती ज्यांच्यासाठी होती त्यांनीच ठरविलेली होती. पुष्कळ ठिकाणी ती मोडली, ही खेदाची गोष्ट आहे.

आता नव्या वाटणीविषयी. नाशिक जिल्हा क्षेत्रफळाने साडेपंधरा हजार चौरस किलोमीटर आणि २०११ च्या खानेसुमारीप्रमाणे ६१ लाखांहून अधिक वस्तीचा आहे. १९९९ साली देवळा व त्र्यंबकेश्वर हे दोन नवे तालुके झाले, आणि त्या बाजूच्या लोकांचा तालुक्याच्या कचेरीपर्यंतचा हेलपाटा कमी झाला. मालेगावचा निराळा जिल्हा व्हावा ही मागणी तर कित्येक वर्षांची आहे. मालेगाव नाशिकपासून शंभर किलोमीटरांहून दूर, आणि नांदगाव-बागलाणची टोकाची गावे त्याहून दूर. शिवाय गिरणेचे खोरे एक होईल, हे मागणीच्या बाजूचे बळ. पण कळवणकडील पुष्कळांस मालेगावापेक्षा नाशिकच सोयीचे वाटते, आणि त्यांचे म्हणणे हट्टाचे नव्हे. माल ज्या रस्त्याने जातो, मुले जेथे शिकतात, आजारी माणूस ज्या दवाखान्यात नेतात, तिकडे कचेरी असावी असे त्यांना वाटले तर त्यात चूक काय?

आमच्या मते या प्रश्नाचे उत्तर नुसत्या किलोमीटरांत नाही आणि इतिहासातही नाही. कसोटी साधी आहे : सकाळी धारा काढून निघालेला शेतकरी कचेरीतील काम उरकून संध्याकाळी गुरांना वैरण टाकावयास घरी पोचतो की नाही? ज्या बाजूला पोचतो ती बाजू त्याची. या कसोटीने मालेगाव जिल्ह्यात कोणते तालुके जावेत हे तालुकावार ठरविण्यापेक्षा गाववार, निदान मंडळवार, ठरविणे अधिक न्याय्य होईल. आणि जिल्हा होवो अथवा न होवो, भूमी अभिलेखाचे जुने नकाशे व फाळणीचे कागद जेथल्या तेथे मिळण्याची व्यवस्था आधी व्हावी. दप्तर अर्धे एका ठाण्यात व अर्धे दुसऱ्या ठाण्यात पडले तर शेतकऱ्याचा एक हेलपाटा वाचून दोन वाढतात.

ही कसोटी कोणी पाळली नाही म्हणजे काय होते ते सुरगाणा तालुक्याने दाखविले. २०२२ साली तेथील सीमेवरच्या काही गावांनी आम्हांला गुजरातेत घाला अशी उघड मागणी केली. रस्ता, पाणी, दवाखाना यांपैकी काहीच धड मिळत नाही आणि पलीकडे ते दिसते, ही त्यांची तक्रार. मराठी राज्यासाठी ज्या प्रदेशाने एवढे झगडावे त्याच्याच कडेच्या गावांनी असे म्हणावे, हे ऐकून पुष्कळांना राग आला. आम्हांस राग आला नाही, लाज वाटली. १९६० साली त्या डोंगरातून जी रेघ ओढली ती टिकवावयाची तर तिच्या अलीकडच्या गावात पावसाळ्यात गाडी पोचली पाहिजे.

आता कायद्याची गोष्ट, जी प्रत्येक खातेदाराने जाणून घ्यावी. राज्याची सीमा बदलावयाची तर संविधानाच्या तिसऱ्या अनुच्छेदाप्रमाणे ते काम संसदेचे. जिल्हा, उपविभाग, तालुका, गाव यांच्या हद्दी ठरविणे व बदलणे मात्र महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६, हिच्या कलम ४ अन्वये राज्य सरकारच्या हाती आहे. आणि सजे व मंडळे यांची मांडणी जिल्हाधिकारी करतात. परंतु त्याच कलमात अशी अट घातली आहे की, असा कोणताही बदल अगोदर प्रसिद्ध केल्यावाचून कायम करता येत नाही. आधी मसुदा निघतो, हरकती मागविल्या जातात, आणि मुदतीत आलेल्या हरकतींचा विचार करणे सरकारला भाग असते. हा हक्क कागदावर मोठा आहे. पण चावडीच्या फळ्यावर लागलेली नोटीस वाचण्यापूर्वीच वाऱ्याने उडून जाते, आणि मुदत संपल्यावर गावात बोंब होते.

म्हणून असा मसुदा निघाल्याचे कळताच त्याची नक्कल घ्यावी, ग्रामसभेत तो मोठ्याने वाचून घ्यावा, आणि हरकत असो वा संमती असो, ती लेखी द्यावी. हरकतीत नुसते ‘आमची गैरसोय होईल’ असे लिहू नये. गावापासून जुन्या व नव्या ठाण्याचे अंतर, एसटीच्या फेऱ्या किती व त्या कोणत्या वेळी, पावसाळ्यात कोणता नाला आडवा येतो, गावचा माल कोणत्या बाजार समितीत जातो, पाटाच्या पाण्याचा अर्ज कोठे करावा लागतो, आणि शेजारचे कोणते गाव त्याच पाटावर आहे, हे सर्व आकड्यांनिशी मांडावे. शक्य तर एकाच पाटावरच्या किंवा एकाच रस्त्यावरच्या गावांनी मिळून एक अर्ज करावा, प्रत्येक गावाचा ठराव त्यास जोडावा, आणि अर्ज दाखल केल्यावर शिक्का व तारीख असलेली पोच घेऊन ती खरेदीखतांच्याच पेटीत ठेवावी.